ग्रॉन्योग म्हणजे नक्की काय

मॅडम,

मी तुमच्यावर चिडले आहे, आणि जिच्यावर चिडायचं तीच जगात नाही, ही माझी पंचाईत आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की सौदीतल्या यान्बूच्या या ऑपरेशन थिएटरमध्ये तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे. बाकीच्या कुणी मनिलाला परतल्या, कुणी कॅनडाला गेल्या, दोघी-तिघी तुमच्यामागोमाग मातीखाली गेल्या. मला तुम्हाला एका शब्दाबद्दल विचारायचं आहे. तो तुम्ही मला दिलात, मी आणि एकदा माझं बाळ सोडून कुणासाठी कधी वापरला नाहीत, आणि त्याचा अर्थ न सांगता निघून गेलात. ग्रॉन्योग. मी तो बरोबर लिहिला आहे की नाही, देव जाणे. कानाला लागला तसा लिहिते आहे.

मी रत्नागिरीच्या एका छोट्या इस्पितळातून इथे आले तेव्हा लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मिस्टर रिफायनरीत पाइपफिटर होते, कॅम्पात इतर कोकणी पोरांबरोबर एका खोलीत राहत होते. मला ओटी नर्सची नोकरी लागली म्हणून आम्हाला फॅमिली क्वार्टर मिळालं. म्हणजे आमचा संसार माझ्या नोकरीवर उभा होता आणि माझी नोकरी तुमच्या हातात होती. प्रोबेशनवरच्या कुठल्या मुलीला ठेवायचं आणि कुणाला परतीच्या विमानात बसवायचं हे थिएटरची इनचार्ज ठरवते, हे मला आल्या आल्या कळलं. इनचार्ज आयरिश आहे हेही कळलं. मला वाटलं, आयरिश म्हणजे इंग्रजच. एकदा मी तसं तुमच्यासमोर बोलून गेले, तेव्हा तुम्ही हातातलं काम थांबवलंत आणि सांगितलंत की तुमच्या बेटावर इंग्रजी बोलणारी माणसं बोटीतून येत, आणि तुम्ही ती भाषा शाळेत शिकलात, माझ्यासारखीच. एवढं बोलून पुन्हा कामाला लागलात. त्यानंतर मी लक्ष ठेवून ऐकायला लागले. ऑपरेशन संपताना गॉज मोजायची वेळ आली की तुम्ही इंग्रजीत मोठ्याने मोजायच्या आधी मास्कच्या आत दुसऱ्याच भाषेत पुटपुटत मोजून घेत होता.

आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातलं ते पित्ताशयाचं ऑपरेशन मला अजून दिसतं. मी हात धुते आहे, गाऊन चढवते आहे, ग्लोव्ह्ज घालते आहे. वळताना माझं कोपर निर्जंतुक नसलेल्या मागच्या ट्रॉलीला निसटतं लागतं. मला ते कळतसुद्धा नाही. तुम्हाला खोलीच्या पलीकडच्या टोकाहून दिसतं. बाहेर जा, पुन्हा स्क्रब कर, असं तुम्ही म्हणता. आवाज जराही चढवत नाही. इजिप्शियन सर्जन हात छातीशी धरून छताकडे बघत उभे राहतात, जणू हे सगळं आपल्यामुळे नाही हे सगळ्यांना दिसावं. मी पुन्हा हात धुऊन परत येते तर माझ्या जागेवर दुसरी नर्स उभी असते. मग मी भिंतीशी जाऊन उभी राहते. खांदे कानांपर्यंत चढलेले, हनुवटी छातीत, हात पोटाशी आवळलेले. रडू येऊ नये म्हणून मी लहानपणापासून अशीच उभी राहत आले आहे. तुम्ही माझ्यासमोरून जाता, थांबता. टोपी आणि मास्क यांच्या मधल्या फटीत तुमचे करड्या रंगाचे डोळे. "ग्रॉन्योग," तुम्ही म्हणता आणि पुढे निघून जाता.

तेव्हापासून थिएटरमध्ये तेच माझं नाव झालं. तुमच्या तोंडी फक्त. दुसऱ्या कुणाला ते धड म्हणता यायचं नाही. मी त्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या फिलिपिनो सिस्टरला विचारलं की मॅडम मला काय म्हणतात. ती म्हणाली, अगं, ते डार्लिंगसारखं आहे, तिकडे मुलांना लाडाने म्हणतात. तिला तरी कुठे ठाऊक होतं! मला बरं वाटावं म्हणून तिने ठोकून दिलं असणार. पण मला ते इतकं हवं होतं की मी दुसऱ्यांदा कुणाला विचारलं नाही. घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. फोनवरून माझ्या आईला सांगितलं. आई म्हणाली, बघ, परक्या मुलखात कुणीतरी लाडकी म्हणणारं भेटलं, अल्लाचे आभार मान.

आणि मला राग कशाचा येतो, तर तुमच्या शिस्तीचा. चिमट्याला चिमटा म्हटलेलं तुम्हाला चालत नसे. "ती छोटी कात्री" असं कुणी म्हटलं तर तुम्हाला ऐकूच जायचं नाही. प्रत्येक हत्याराचं पूर्ण नाव घ्यायचं, नाव नीट आलं तरच ते हातात मिळायचं. नावाशिवाय हातात घेतलेली वस्तू कुठे चालवायची ते माणसाला कळत नाही, हे तुम्ही आम्हाला किती वेळा ऐकवलंत. आणि त्याच तुम्ही एका जिवंत बाईला अर्थ न सांगता एक नाव चिकटवून दिलंत. हे कसलं शिकवणं, मॅडम?

बरं, तुम्ही नुसत्याच खडूस असतात तर मी तुम्हाला कधीच विसरले असते. दिवसभर उभं राहून माझ्या टाचा ठणकायच्या. मी कधी तक्रार केली नव्हती. तुम्ही सुट्टीवरून परत आलात तेव्हा माझ्या लॉकरसमोर एक खोकं होतं, त्यात लाकडी तळाचे, वरून चामड्याचे ओटीत घालायचे क्लॉग्ज, अगदी माझ्या मापाचे. माप तुम्ही कधी घेतलंत, मला माहीत नाही. मी आभार मानायला तुमच्या टेबलाशी आले तर तुम्ही ड्यूटीचा तक्ता भरत होता. मान वर न करता म्हणालात की लंगडणारी नर्स हळू चालते आणि मला हळू नर्स चालत नाही. याला माया म्हणायचं की हिशेबीपणा, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. पण मी माया धरून चालले.

मग माझी मुलगी झाली. एका शुक्रवारी, मिस्टर जुम्मा करून घरी आल्यावर, तुम्ही बाळ बघायला आमच्या क्वार्टरवर आलात. काळा अबाया, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, कपाळावर घाम. मी गॅसवर तांदळाच्या भाकऱ्या थापत होते, बाजूला कोलंबीचं कालवण उकळत होतं. तुम्ही बाहेर बसायला तयार झाला नाहीत. स्वयंपाकघरातच स्टूल ओढून बसलात. मिस्टर बाळाला घेऊन तुमच्यासमोर उभे होते. त्या दिवशी तुमच्या तोंडावर मास्क नव्हता. आणि नेमकी त्याच वेळी माझी पाठ तुमच्याकडे होती, कारण भाकरी तव्यावर होती आणि ती उलटायची वेळ झाली होती. मागून तुमचा आवाज आला. "ग्रॉन्योग बेग," असं काहीतरी तुम्ही बाळाला म्हणालात. मिस्टरांनी मला मराठीत विचारलं, "काय म्हणतात गं या?" मी भाकरी उलटत सांगितलं, "लाडाने म्हणतात. मला पण तेच म्हणतात." तुम्ही चमच्याने कालवण खाल्लंत, नाक पुसत पुसत सगळं संपवलंत आणि गेलात.

त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द राहिला. मिस्टरांच्या तोंडात तो झिजून गोनू झाला. मुलीचं खरं नाव शाळेत, पासपोर्टवर, इकाम्यावर म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर. घरात गोनू. मी मात्र तिला फार प्रेम आलं किंवा फार राग आला की पूर्ण शब्दाने हाक मारायचे. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये वाढली, मी मराठीत बोलायचे आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची, पण या हाकेला ती हमखास "काय अम्मी" म्हणून मराठीत ओ द्यायची. वर्गातल्या मुली तिला रंगावरून चिडवत. रडत आली की मी तिला सांगायचे, अगं, एका मोठ्या आयरिश मॅडमने तुला बघताच लाडकी म्हटलं होतं, या पोरींचं काय ऐकतेस?

ती तीन-चार वर्षांची असताना तुम्ही आजारी पडून, नोकरी सोडून फायनल एक्झिटवर घरी गेलात. जाताना सगळ्यांशी हात मिळवलात. माझ्याशीही तसाच, तेवढाच. काही महिन्यांनी एका सकाळी स्क्रबच्या सिंकपाशी बातमी कळली. माझे हात कोपरापर्यंत साबणाने भरले होते आणि आत पेशंट टेबलावर होता. मी हात धुतले आणि आत गेले. तुमच्यासाठी दुसरं काही करायची सोयच तुम्ही आम्हाला शिकवली नव्हती.

आता मुद्द्यावर येते. माझी मुलगी नर्स झाली आणि नशिबाची गंमत अशी की तुमच्याच देशात गेली. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात ती वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये काम करते. जावई तिथेच एका गोदामात आहे. नात यंदा शाळेत जायला लागली. तिकडच्या शाळेत तुमची भाषा शिकवतात, हे मला ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी व्हिडिओ कॉलवर नात पलंगावर उड्या मारत होती, पडेल म्हणून मी इथून ओरडले, आणि तोंडातून सवयीने तोच शब्द गेला. ती थबकली. स्क्रीनच्या अगदी जवळ आली. "नानी, यू नो आयरिश?" असं म्हणून खोलीबाहेर धावली आणि शाळेत केलेलं काहीतरी घेऊन आली. मातीचा गोळा, त्यात खोचलेल्या काड्या, पुढे दोन मण्यांचे डोळे. थंडीभर झोपणारे प्राणी असा धडा चालू होता म्हणे. तिने तो गोळा कॅमेऱ्यासमोर नाचवला आणि तो शब्द म्हणाली. तुम्ही म्हणायचात अगदी तसा, मधला तो 'यो' ओठ गोल करून.

तो प्राणी मी ओळखला. आपल्याकडे कोकणात साळिंदर असतो त्या जातीतला वाटतो, पण मुठीएवढा. इथे कॅम्पातही आहे. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास एसीचं पाणी ठिबकतं तिथे येतो, मांजरांसाठी ठेवलेलं खातो, माणूस दिसला की काट्यांचा चेंडू करून पडून राहतो. सौदी शेजारीण त्याला कुनफुद म्हणते. इतकी वर्षं मी त्याला झाडूने कडेला सारत आले, आणि माझं नाव त्याचं आहे हे मला माहीत नव्हतं. मी नातीसमोर हसले. मुलगीही हसली. भिंतीशी अंग आवळून उभी असलेली मी मला आठवली, आणि मनात म्हटलं, ठीक आहे, अगदीच चूक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला तेव्हा ती हसत नव्हती. तिने शब्द शोधून काढला होता. त्या प्राण्याचं नाव तुमच्या भाषेत ज्या शब्दावरून आलं आहे, त्याचा अर्थ किळस, तिरस्कार असा काहीतरी आहे म्हणे. म्हणजे मुळात ती कुरूप छोटी, नकोशी छोटी. बेग म्हणजे नुसतं लहान. मी म्हटलं, अगं, कुणी बोलताना इतक्या खोलात जातं का? मग ती बोलली तेव्हा मला कळलं की हे नुसतं शब्दाचं नव्हतं. त्याच आठवड्यात नर्सिंग होममधल्या एका म्हाताऱ्याने तिचा हात झटकून टाकला होता, दुसरी नर्स पाठवा म्हणून. तिने ते मला सांगितलं नव्हतं. तिकडे गेल्यापासून ती बरोबरच्या मुलींना मोठ्या तोऱ्यात सांगत होती की तुमच्या देशाने माझं नाव मी जन्मले तेव्हाच ठेवलं आहे. "तू एकदा तरी विचारायचंस ना, अम्मी," ती म्हणाली. "एकदा विचारायला काय झालं होतं?"

मी काय सांगू तिला? तुम्हाला प्रश्न विचारायची कुणाची हिंमत होती? मी चार दिवस धुमसत राहिले. थिएटरमध्ये नव्या मुलींवर विनाकारण डाफरले. संध्याकाळी एसीखाली तो काटेरी जीव आला तर त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि तो गोळा होऊन पडला तेव्हा त्याचाही राग आला. मुलगी नेहमीसारखा फोन करायची, पण कामापुरतं बोलायची. जेवलीस का, औषध घेतलंस का, ठेवते.

तिने मग तिथेच एका पेशंट आजींना विचारलं. त्या तुमच्यासारख्याच कुठल्याशा बेटावरच्या, ती भाषा घरात बोलत वाढलेल्या. आजी म्हणाल्या की त्यांची आई त्यांना रुसल्यावर तेच म्हणायची, मांडीवर ओढून. आणि त्यांच्या गावातली एक खाष्ट बाई घरकामाच्या पोरीलाही तेच म्हणायची, दाराबाहेर काढताना. शब्द एकच. मग आजींनी उलट विचारलं, म्हणताना ती बाई हसत होती का?

मुलीने मला विचारलं. मॅडम, मी तुमच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं, तुमच्या हातांची नखं मी अंधारात ओळखेन, पण तो शब्द म्हणतानाचं तुमचं तोंड मला आठवत नाही. मास्क असायचा. चहाच्या खोलीत तुम्ही आमच्यात बसत नव्हता. मी मिस्टरांना विचारलं, तुम्ही तर समोर होतात, बाळाला म्हणताना मॅडम हसत होत्या का? ते पेपर खाली ठेवून बराच वेळ आठवत राहिले. माझ्या आशा उगाच वाढल्या. शेवटी म्हणाले, "गोरी बाई होती. घाम फार आला होता तिला." मी म्हटलं, ते मला पण माहीत आहे. ते म्हणाले, "मी बाळाकडे बघत होतो गं. पहिलं मूल होतं आपलं. तिच्या तोंडाकडे कशाला बघू?" त्यावर भांडावं असंही काही नव्हतं.

मी मुलीला खरं ते सांगितलं. आम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही. पलीकडे तिने किटली लावली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "त्या हसत होत्या की नाही, ते तुझं तू बघ. मला त्यांनी एकदाच म्हटलं, तेही मला आठवत नाही. मला तू म्हणत आलीस. आणि तू म्हणताना तुझं तोंड मला दिसत होतं."

मग तिने तिकडची थंडी, नातीची शाळा, जावयाच्या शिफ्टा असं सगळं पूर्वीसारखं सांगितलं. हात झटकणाऱ्या त्या म्हाताऱ्याचंही सांगितलं. तो अजून तिला जवळ येऊ देत नाही. तिने बदली मागितलेली नाही. त्याच्या खोलीत ती दुसऱ्या नर्सबरोबर जाते आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहते.

तर तिचं सुटलं. माझं सुटलेलं नाही. माझ्याकडे बघून तो शब्द म्हणणारं तोंड एकच होतं आणि ते झाकलेलं होतं. येत्या उन्हाळ्यात मी निवृत्त होते आहे, इकामा संपेल, सामान बांधून आम्ही रत्नागिरीला जाऊ. तिथे ओटीतला एकही माणूस नसेल, हे सगळं कुणाला सांगितलं तर त्यांना त्यात काही वाटणारही नाही. तुम्ही माया केली असेल तर ती तुम्ही इतकी घट्ट गुंडाळून का दिलीत, आणि केली नसेल तर क्लॉग्ज कशाला आणलेत? एक काहीतरी ठेवायचं होतंत. मी दुसरं फेकून दिलं असतं आणि मोकळी झाले असते.

हे पत्र मी मुलीकडे पाठवू शकले असते. ती म्हणाली होती, सुट्टी मिळाली तर बोटीने त्या बेटावर जाऊन तुमची कबर शोधेन, तिथे ठेवेन. मी नको म्हटलं. तुम्हाला यातलं अक्षर वाचता आलं नसतं. मी इंग्रजीत लिहायला बसले होते, दोनदा. इस्पितळाचे रिपोर्ट लिहून माझं इंग्रजी चांगलं झालं आहे. पण दोन्ही वेळा पहिल्या ओळीत तुमची माफी मागून झाली आणि दुसऱ्या ओळीत आभार. इंग्रजीत मला अजून तुमची भीती वाटते. म्हणून मराठीत लिहिलं.